सापळे टांगलेत, पण पतंग मोजतंय कोण?

परवा मक्याच्या एका वावरात गेलो होतो. बांधाजवळ काठीला कामगंध सापळा लटकलेला. खालच्या पिशवीत पाच-सात वाळलेले पतंग, वर कोळ्याचं जाळं. विचारलं, "काका, यातलं ल्युर कधी बदललं?" काका म्हणाले, "बदलायचं असतंय व्हय? वाटपात भेटलं तव्हा लावलं, तसंच हाये." त्याच मक्यावर काकांच्या तोवर तीन फवारण्या झाल्या होत्या.

म्हणून आज हा विषय.

अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडची नाही. 2016 मध्ये ती आफ्रिकेत पोचली, मे 2018 मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात. पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जाऊ शकतो, मादी आयुष्यात हजारावर अंडी घालते. अळी एकदा पोंग्यात शिरली की फवारा वरून जातो आणि ती आत मजेत खाते. म्हणजे जे काय करायचं ते पोंग्यात शिरायच्या आधी. आणि ती आली हे आधी कळायचं साधन म्हणजे हा सापळा.

सापळ्यातल्या ल्युरला मादीसारखा वास असतो. त्या वासाला भुलून नर येतात आणि अडकतात. अंडी घालणारी मादी त्यात येत नाही. म्हणून दोन-चार सापळे लावले म्हणजे कीड संपली, हा गैरसमज काढून टाका. हे औषध नाही, हा थर्मामीटर आहे. आणि थर्मामीटर खिशात ठेवून ताप कळत नाही, तो बघावा लागतो.

बघायचं काय, तेही ठरलेलं आहे. मक्यात सापळ्यामागे रोज सरासरी एक पतंग यायला लागला की सावध व्हायचं, पोंगे तपासायचे. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी 5 सापळे, आणि सलग तीन रात्री सापळ्यात 8 पतंग आले तर उपाय करायचा. दोन्ही किडींचं ल्युर वेगळं. कपाशीचं ल्युर मक्यात लावून "पतंगच नाहीत" म्हणणारेही मी पाहिलेत. ल्युरचा वास काही आठवड्यांत उडतो, पाकिटावर मुदत लिहिलेली असते. ते उन्हात पडून राहिलं तर लावायच्या आधीच वाया.

आता खरं दुखणं. वाटपाचे फोटो निघतात, मोजणीचे आकडे निघत नाहीत. राज्यात 2009 पासून कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प आहे, निरीक्षणं नोंदवली जातात, सल्लाही निघतो. पण तो पारावर पोचेपर्यंत दुकानदाराचा सल्ला आधी पोचलेला असतो. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपण मारतो. एका फवारणीचं औषध, मजुरी, पाणी हिशेबात धरा. आणि प्रश्न पैशाचाच नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. गरज नसलेली प्रत्येक फवारणी म्हणजे कुणाच्या तरी अंगावर उगाच घेतलेलं विष.

यात आम्ही पत्रकारही आलोच. सापळे वाटपाची बातमी मी स्वतः किती वेळा छापली असेल! महिन्याने जाऊन "किती पतंग सापडले?" असं एकदाही विचारलं नाही.

मागणी मोठी नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला चार गोष्टी लिहा: तारीख, पीक, सापळ्यामागे सरासरी पतंग, मागच्या आठवड्यापेक्षा वाढ की घट. कृषी सहायकाकडे गावं जास्त आहेत, मान्य. पण गावातली दोन-तीन पोरं सकाळी दहा मिनिटं देऊ शकतात. सापळ्यासोबत पुढच्या ल्युरचीही सोय करा, नाहीतर ते प्लॅस्टिक टांगून उपयोग काय?

सुरुवात इथूनच करू. ज्यांच्या शेतात सापळा आहे त्यांनी उद्या सकाळी मोजून कमेंटमध्ये गाव, पीक आणि आकडा टाका. शून्य आला तरी टाका, शून्यही माहितीच आहे, आणि त्यावर एक फवारणी वाचू शकते. दर सोमवारी सगळे आकडे गाववार याच पेजवर लावीन.

काकांना नवीन ल्युर आणून दिलंय. पहिला आकडा त्यांचाच येईल.