सांडपाण्याचा भार कोणी उचलावा?

महाबळेश्वरच्या विकासाची चर्चा बहुधा रस्ते, वाहनतळ आणि नौकाविहार यांपाशीच थांबते. पाहुण्यांनी वापरलेले पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न अप्रिय म्हणून टाळला जातो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास आरोग्यस्थान म्हणून वसविलेल्या या गावाला तो फार काळ टाळता येणार नाही.

या पठाराचा माथा जांभ्या खडकाचा आहे. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे शोषखड्ड्यांतील घाण जमिनीत मुरते आणि कड्याखालच्या झऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. कृष्णा, वेण्णा व कोयना येथेच उगम पावतात आणि त्यांचे पाणी पुढे धोम, कण्हेर व कोयना या धरणांत साठते. तेव्हा हा केवळ एका नगरपरिषदेचा घरगुती प्रश्न नव्हे.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची निकड कोणी नाकारणार नाही. वाद आहे तो पैशाचा. तो सोडविताना आधी साधा हिशेब मांडावयास हवा. २०११ च्या जनगणनेनुसार गावची लोकसंख्या १३ हजारांच्या आसपास होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्क्यांचे सांडपाणी, हे रूढ प्रमाण धरल्यास रहिवाशांसाठी सुमारे १४ लाख लिटर क्षमतेचे केंद्र पुरेल. समजा, मे महिन्यातील एखाद्या रात्री २० हजार पाहुणे मुक्कामास आले. त्यांच्यासाठी आणखी २१ लाख लिटरांहून अधिक क्षमता लागेल. म्हणजे केंद्राचा मोठा भाग ज्यांच्यासाठी बांधावयाचा, ते गावचे करदातेच नव्हेत. हा सारा बोजा घरपट्टीवर टाकणे म्हणजे बाजारपेठेमागे दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाने आणि घोडेवाल्याने सहलीला आलेल्यांचा खर्च सोसण्यासारखे आहे.

सरकारी अनुदान हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात लहान शहरांच्या सांडपाण्यासाठी केंद्रीय साह्याची तरतूद झाली. परंतु असे साह्य मुख्यतः उभारणीसाठी असते. वीज, रसायने, दुरुस्ती आणि कुशल कामगारांचे वेतन हा खर्च दरमहा उभा राहतो. कोनशिला बसविण्यास निधी मिळतो, पंप चालू ठेवण्यास मिळत नाही. मग यंत्रे गंजतात आणि नाला पूर्ववत वाहू लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी, पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवरील निकालात, अशी केंद्रे उभारण्यासाठी स्थानिक संस्थांना मुदत घालून दिली आणि निधीसाठी लाभार्थींवर उपकर बसविण्याचा मार्गही दाखविला. त्याच दिशेने खर्चाची वाटणी करता येईल. उभारणीचा मोठा वाटा राज्य व केंद्राने उचलावा, कारण शुद्ध पाण्याचा लाभ खालच्या खोऱ्यांनाही मिळतो. चालविण्याच्या खर्चासाठी हॉटेलांवर खोल्यांच्या संख्येनुसार आकार असावा, तो गर्दीच्या हंगामात अधिक असावा. नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या प्रवासी कराचा ठरावीक हिस्सा याच कामासाठी राखून ठेवावा. रहिवाशांनीही आपल्या वापरापुरता अल्प आकार द्यावा. फुकट सेवेची देखभाल कोणी मागत नाही.

दर वाढले तर पाहुणे पाठ फिरवतील, अशी भीती व्यावसायिक व्यक्त करतील. ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच आकार माफक आणि सर्वांना सारखा लागू हवा. परंतु हजारो रुपये खर्चून येणारा पाहुणा थोड्याशा उपकरामुळे परत फिरेल, याहून दुर्गंधीमुळे फिरेल ही शक्यता अधिक आहे. खरा अविश्वास आहे तो वसुलीनंतरच्या विनियोगाबद्दल. यासाठी स्वतंत्र खाते ठेवावे आणि जमाखर्चाबरोबर शुद्ध केलेल्या पाण्याचे तपासणी अहवालही दरमहा नगरपरिषदेच्या फलकावर लावावेत.

गिरिस्थानाची थंड हवा निसर्गाने फुकट दिली आहे. तेथील पाणी स्वच्छ ठेवण्याचे मूल्य मात्र, जे तेथे जाऊन सुख घेतात आणि जे त्या सुखावर उपजीविका करतात, त्यांनीच प्रामुख्याने चुकविले पाहिजे.