पाला उडवायचं यंत्र घ्यावं का?

गेल्या महिन्यात कोरेगावच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. दारात बदामाचं मोठं झाड आहे, कंबर साथ देत नाही, आणि बाजारात हल्ली बॅटरीवर चालणारे ब्लोअर दोन-अडीच हजारांत मिळतात. तर ते घ्यावेत का, असं त्यांनी विचारलं होतं. पत्र वाचून मला हसूच आलं. कारण तेच यंत्र नुकतंच आमच्या ओट्यावर येऊन पडलं होतं, आणि त्याच्यापायी घरात दोन दिवस अबोलाही झाला होता!

आमचं घर साताऱ्यात. पुढं फरशी घातलेलं अंगण, मागं मातीचं परसदार. फाटकाशी बदाम, मागं आंबा, आणि रस्त्यावरचा गुलमोहर आमचा नसला तरी त्याचा केर आमचाच. माघात बदामाची पानं तांबडी होऊन गळायला लागली की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा तसंच. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळं अंगण झाडायला मावशी येतात. साठीच्या पुढच्या आहेत. खराटा घेऊन वाकल्या की सरळ होताना भिंतीला हात लावावा लागतो. अंगणाचे वेगळे सातशे रुपये आम्ही त्यांना देतो.

यंत्र पडलं तेवीसशेला. सव्वातीन महिन्यांत पैसे वसूल, असा हिशेब मी मांडला, आणि शहाणपणा असा की तो मावशींच्या देखतच ह्यांना बोलून दाखवला. मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र अर्धा तास आधी आल्या आणि अंगणाबरोबर फाटकाबाहेरचा रस्ताही झाडून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. मला ते दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी ह्यांनी यंत्र चालवलं. फरशीवर खरंच मजा आली. पत्रावळीएवढी वाळकी पानं सरसर पळत कोपऱ्यात जाऊन बसली. त्या भरात हे मागं परसात गेले. तिथली माती भुसभुशीत. पानं उडाली त्याच्या आधी धूळ उठली, ती थेट पडवीत. पडवीत सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या, आणि त्यांना दम्याचा त्रास! पंप ओढावा लागला, दुपारपर्यंत त्या उशा लावून बसून होत्या. दोन दिवसांचा अबोला तो हाच. सासूबाईंनी मात्र कुणाला बोल लावला नाही. नुसतं म्हणाल्या, "अगं, आम्ही सडा घालून मग झाडायचो ते काय उगीच?"

पण सडा आणि हे यंत्र यांचं जमत नाही, ही अडचण आहे. ओली पानं फरशीला चिकटून बसतात, वारा त्यांच्यावरून निघून जातो. आणि गुलमोहराची ती चिमुकली पानं फरशीच्या सांध्यात बसली की कोरडी असली तरी हलत नाहीत. तिथं केरसुणीच हवी.

यंत्र परत करावं असं मनात आलं होतं. मग म्हटलं, आधी नीट पारखू या. घड्याळ लावून आठवडाभर पाहिलं. पुढच्या फरशीवरचा पाला गोळा करायला खराट्यानं पंधरा-सोळा मिनिटं लागायची, यंत्रानं सहा-सात लागली. पुढं घमेल्यात भरून खड्ड्यात नेऊन टाकायला दोन्ही वेळा सारखाच वेळ, आणि ते काम वाकूनच करायचं! मावशींना मी यंत्र हातात दिलं. एकदा इकडून तिकडं फिरवून त्या हसल्या नि म्हणाल्या, "बाई, ह्ये नुसतं पाला पळिवतंय, उचलतंय कुठं?" जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. परसात तर यंत्रानं वेळ जास्तच लागला, कारण माती उडू नये म्हणून ते मंद ठेवावं लागतं.

आता दुकानात काय पाहायचं ते. खोक्यावर १८, २० किंवा २१ व्होल्ट असं लिहिलेलं असतं, आणि दुकानदार २१ म्हणजे जास्त जोरदार असं ठासून सांगतो. त्यात काही अर्थ नाही. या बॅटरीत लिथियमचे लहान घट एकापुढं एक जोडलेले असतात. एका घटाचा दाब साधारण ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच घटांचे झाले १८, आणि पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे तिन्ही आकडे एकाच बॅटरीचे! काही स्वस्त यंत्रांवर तर ४८, ८८ असले आकडे छापतात. तेवढीच चिमुकली बॅटरी असेल तर ते नुसतं सजावटीचं समजावं.

खरा आकडा बॅटरीवरच्या अँपिअर-तासांचा, म्हणजे 'एएच'चा. आमची बॅटरी दोन एएचची. १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॉट-तास वीज तिच्यात मावते. पूर्ण वेगात ती दहा मिनिटांत संपली, मंद वेगात चोवीस मिनिटं पुरली. म्हणजे पूर्ण वेगात हे यंत्र दोनशे वॉटच्या वर खातं, आपल्या जुन्या छताच्या पंख्याच्या जवळजवळ तिप्पट. विजेच्या बिलाची काळजी मात्र नको, चार्जिंगमधली तूट धरूनही एका युनिटात बॅटरी वीस-बावीस वेळा भरते. पण भरायला आमच्याकडे दोन तासांच्या वर लागतात. मधेच संपली की उरलेलं अंगण खराट्यानंच. म्हणून घेतानाच सुटी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला, ते विचारावं. आमच्या यंत्राची नऊशेला आहे, आणि तिची हमी फक्त सहा महिन्यांची. यंत्राची वर्षाची हमी वाचून आपण खूश होतो नि बॅटरीची ओळ बारीक अक्षरात राहून जाते.

दुसरं म्हणजे वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याचं प्रमाण. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याची धार जोरात उडते, पण पाणी काही वाढत नाही, तसंच हे. अरुंद तोंडाच्या यंत्राचा वेग दांडगा दिसतो, पण ते एका वेळी चार पानं हलवतं. पाल्याला मिनिटाला किती घनमीटर हवा फेकते तो आकडा मोठा हवा. अरुंद तोंड कोनाड्यातली धूळ नि जाळ्या काढायला ठीक.

यंत्र हातात धरून पाच मिनिटं तसंच उभं राहून पाहा. बॅटरीसकट दीड किलोच्या आसपास वजन असतं, पण ते मनगटावर येतं. कळ सतत दाबून धरायला लागते की अडकवून ठेवता येते, तेही बघा. आणि भगिनींनो, एक गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत मला सापडली नाही. यंत्र पुढून वारा फेकतं तसं मागच्या बाजूनं ओढतंही. माझ्या ओढणीचं टोक त्या जाळीवर असं चिकटलं की छातीत धस्स झालं. पदर खोचून, केस बांधूनच यंत्र हातात घ्यायचं. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा. आवाजही कर्कश आहे, त्यामुळं शेजारी दुपारची कुणी झोपलेलं असताना नको.

बॅटरी उन्हात ठेवू नये, आणि वापरून गरम झालेली लगेच चार्जिंगला लावू नये. आमच्याकडे हे दोन्ही झालं, म्हणून सांगते. पावसाळ्यात तीन-चार महिने पडून राहणार असेल तर पूर्ण रिकामी न ठेवता अर्धी भरून ठेवावी. निकामी झालेली बॅटरी केरात टाकू नका, आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हा दुकानदाराला ठणकावून विचारा.

गोळा झालेला पाला पेटवायची आपल्याकडे फार जुनी खोड. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ साली उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि पाच हजारांचा दंड ठेवला, म्हणजे आमच्या यंत्राच्या दुपटीहून जास्त! आणि घरात दमेकरी असेल तर दंडाची वाट कशाला पाहायची? आम्ही परसातला पाला आता झाडतच नाही. आंब्याच्या नि लिंबाच्या आळ्यात तसाच पसरून ठेवतो, त्यानं ओल टिकते. विंचू-सापाची भीती असते, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजू तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या.

तर कोरेगावच्या ताईंना माझं उत्तर असं. अंगण फरशीचं किंवा कोब्याचं असेल, गच्ची असेल, पत्र्याच्या पन्हळीत पाला अडकत असेल, तर यंत्र घ्या. पन्हळीसाठी तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. अंगण मातीचं असेल तर घेऊ नका. आणि कंबरेसाठीच घेत असाल तर आधी दीडशे रुपये खर्चून पाहा. आम्ही बुरुडाकडून हातभर जाड नि छातीपर्यंत उंच बांबू आणला... नाही, जाड नव्हे, मुठीत मावेल एवढाच, आणि खराटा त्याला सुतळीनं आवळून बांधला. मावशी आता उभ्यानं झाडतात. पाला भरायला दोघी असतो, मी घमेलं धरते.

सातशे रुपये तसेच चालू आहेत. गच्चीवर यंत्र त्याच चालवतात, आणि बॅटरी संपली की खालूनच मला हाक येते, "बाई, ह्येचा जीव गेला बघा!"