विश्लेषण : जुन्या गाडीच्या एसीत दरवर्षी गॅस का भरावा लागतो?

एप्रिल उजाडला की कोकण किनाऱ्यावरच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एसी थंड करत नाही, जरा गॅस भरून द्या.’ गॅस भरला जातो, गाडी गार होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी त्याच कामासाठी पुन्हा दारात उभी राहते. समुद्र आणि वाघोटणची खाडी यांच्या बेचक्यात असलेल्या विजयदुर्गात दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी वापरणाऱ्यांना हा खर्च सवयीचा झाला आहे. मात्र येत्या काही वर्षांत ही सवय महाग पडण्याची चिन्हे आहेत.

गॅस जातो कुठे?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये थंड होतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी पाइपांतून थोडासा झिरपतो, हे खरे. पण एका वर्षात एसी गार पडेनासा झाला, तर कुठेतरी भोक आहे असे समजावे.

किनाऱ्यावर ही भोके लवकर पडतात. कंडेन्सर गाडीच्या तोंडाशी असतो. खाऱ्या वाऱ्यातले मीठ त्याच्या अॅल्युमिनियमच्या बारीक पत्र्यांत बसते आणि दमट हवेमुळे ते सुकतच नाही. ओले मीठ अॅल्युमिनियमला सुईने टोचल्यासारखे कुरतडते. कूलिंग कॉइलवरही पाणी साचत असते; त्यात धूळ आणि क्षार मिसळले की तीही आतून सडते. ती बदलायला बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे दिवसभराची मजुरी. त्यामुळे मेकॅनिक तो विषय काढत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. यात दोघांचाही आळस सारखाच आहे.

एसी नव्याने बांधायचा म्हणजे काय?

आधी गळती शोधायची. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने किंवा गॅसमध्ये रंगद्रव्य सोडून अतिनील दिव्याने ती सापडते. मग गळका भाग आणि सांध्यांच्या रबरी रिंगा बदलायच्या. सिस्टम उघडली की रिसीव्हर ड्रायर बदलायलाच हवा. आतली ओल शोषणारे दाणे त्यात असतात आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ते उघड्यावर बघता बघता भिजून निकामी होतात. कॉम्प्रेसर जाम होऊन बदलला असेल, तर त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या नळ्यांत अडकलेला असतो. तो धुऊन निघत नाही. जुना कंडेन्सर तसाच ठेवला तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो.

शेवटी व्हॅक्यूम. पंप किमान अर्धा-पाऊण तास चालला पाहिजे. हवा काढून घेतली की आतले पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि बाहेर ओढले जाते. ते राहिले तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, शिवाय तेल आणि गॅसशी मिळून आम्ल तयार होते. घाईच्या दिवसांत नेमकी हीच पायरी पाच मिनिटांत उरकली जाते. गॅस किती, हे हाताला लागणाऱ्या गारव्यावरून ठरवू नये. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते, तेवढाच वजन करून भरायचा.

2028 चा संबंध काय?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-134ए हा गॅस असतो. त्याआधीचा आर-12 ओझोनचा थर फाडणारा होता. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार 2010 पर्यंत त्याचे उत्पादन जगभर थांबले. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट आहे. हिशेब करून पाहू. छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. तो सगळा उडाला तर सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, म्हणजे तीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतके. एवढ्या पेट्रोलवर मुंबई–विजयदुर्गच्या पाच फेऱ्या सहज होतील.

म्हणूनच 2016 च्या किगाली दुरुस्तीत असे गॅस आवरण्याचे ठरले. भारताने ती 2021 मध्ये स्वीकारली. वेळापत्रकानुसार 2028 मध्ये या गॅसांचा वापर गोठवायचा, 2032 पासून दहा टक्क्यांनी कपात सुरू करायची आणि 2047 पर्यंत ती 85 टक्क्यांवर न्यायची. भाव चढतील का? 2018 मध्ये युरोपीय संघाने आपला कोटा एकदम खाली आणला, तेव्हा तिथे आर-134एचे दर कित्येक पटींनी वाढले आणि चोरटी आयात सुरू झाली. आपली कपात त्याहून सावकाश आहे. तरीही दरवर्षी अर्धा किलो हवेत सोडणाऱ्याला तिची झळ आधी लागेल.

महागाईबरोबर भेसळही येते. स्वस्त म्हणून प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण भरणारे भेटतात. ते गार उत्तम करते, पण ज्वलनशील आहे आणि गळकी कूलिंग कॉइल थेट प्रवाशांच्या केबिनला जोडलेली असते. गळतीवर हा उपाय करणे म्हणजे आगीशी खेळ.

मग गाडीच बदलावी?

सरकारचा रोख तिकडेच आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. दुसरीकडे सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर 18 टक्के असा एकच जीएसटी आहे; 28 टक्क्यांत असलेले भाग त्यामुळे स्वस्त झाले. इंजिन आणि पत्रा धड असेल, तर एसी एकदाच नीट बांधून घेणे अजूनही नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा परवडते. पत्राच गंजला असेल, तर त्या गाडीच्या एसीवर पैसे घालू नयेत.

खरी अडचण वेगळीच आहे. दुरुस्तीआधी उरलेला गॅस हवेत न सोडता ओढून घेणारे मशीन लहान गॅरेजांना परवडत नाही. 2019 च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचे उद्दिष्ट होते. पण शिकलेला हातही मशीनशिवाय काय करणार? देवगड, कणकवलीसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी गॅरेजवाल्यांना भाड्याने मिळेल असे एकेक मशीन ठेवणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.