सी, डी आणि डेस्कटॉप

हॉस्टेलवर ज्याच्याकडे छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो, तो आपोआप सगळ्या विंगचा कॉम्प्युटर डॉक्टर होतो. त्यात ब्रँच कॉम्प्युटर असेल तर विचारायलाच नको! मागच्या सेमिस्टरला हा मान माझ्याकडे होता.

शेजारच्या रूममध्ये सिव्हिलचा एक मित्र राहतो. त्याचा लॅपटॉप मोठ्या भावाकडून आलेला. बटण दाबून मेसला जावं, चहा पिऊन यावं, तरी स्क्रीनवर गोल फिरतोच आहे. दोष बिचाऱ्या लॅपटॉपचा नव्हता, आतल्या हार्ड डिस्कचा होता. परीक्षेतलं गणित आठवा: 5400 आरपीएम म्हणजे एका फेरीला 11 मिलिसेकंद, म्हणजे प्रत्येक वेळी सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट बघायची. हेड सरकायचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. साइज तीच अडीच इंची, कनेक्टर तोच साटा. अर्ध्या तासात बसवली, नव्यावर विंडोज टाकलं, जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून अख्खा डी ड्राइव्ह कॉपी केला. लॅपटॉप पळायला लागला आणि माझी कॉलर ताठ!

'सी मध्ये विंडोज, डी मध्ये डेटा' हे आपण शाळेपासून घोकलेलं. पण डेस्कटॉप राहतो कुठे? सी मध्येच, युजर्सच्या फोल्डरात. आणि आपल्यापैकी निम्म्या जनतेचं सगळं आयुष्य डेस्कटॉपवरच पसरलेलं असतं. मी त्याच रात्री जुनी डिस्क फॉरमॅट करून दिली. त्याने तिच्यावर गच्च पिक्चर भरले. तिसऱ्या दिवशी आला, "अरे, क्यूबच्या रीडिंगची फाइल दिसत नाहीये..."

साध्या क्विक फॉरमॅटने हार्ड डिस्कवरचा डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त यादी जाते. वर दुसरं काही लिहिलं नाही तर बऱ्याचदा परत मिळतो. पण आम्ही वर लिहून बसलो होतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, हाती आले पिक्चरचे तुकडे. 7 दिवसांची रीडिंग गाइडना मेल केली होती म्हणून वाचली. दोन मिक्सची 28 दिवसांची गेली. वहीत उतरवलेली नव्हती, आणि क्यूब तर मशीनखाली फोडून झाले होते!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ड्राइव्ह बदलताना कॉपी करणं हे हमालीचं काम आहे, खरा निर्णय पुसण्याचा असतो, आणि तो स्क्रू-ड्रायव्हरवाल्याने घ्यायचा नसतो. मालकाला शेजारी बसवून त्याच्या फाइली त्याच्याच हाताने नव्या ड्राइव्हवर उघडायला लावा. जुनी डिस्क महिनाभर कपाटात राहू द्या. काँक्रीटला 28 दिवस क्युरिंग देता, मग हिला का नाही? अख्ख्या डिस्कचा क्लोन करणारं क्लोनझिलासारखं फुकट सॉफ्टवेअर असताना मी डी-डी करत बसलो, हा शहाणपणाही माझाच. (डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर मात्र आधी महत्त्वाच्या फाइली काढा, क्लोन नंतर.)

कोणी म्हणेल, म्हणून दुकानातच द्यावं. दुकानदार विचारेल, "डेटा पाहिजे का?" आपण रुबाबात सांगणार, "हो, डी चा घ्या!"

मित्र एका शब्दाने बोलला नाही. त्यानेच मला पुढच्या रविवारी लॅबला नेलं. प्रत्येक मिक्सचे तीन, असे सहा क्यूब. 150 मिमीचा एक क्यूब साधारण आठ किलोचा भरतो, हे मला टाकीत सोडताना कळलं. सबमिशन लेट झालं ते झालंच. जुनी डिस्क अजून त्याच्याकडे आहे, पिक्चरसकट.