डिस्क दिसत नाही म्हणे!

मंडळी, समजा पुसदच्या एखाद्या केबलवाल्याने जुना रॅक सर्व्हर स्वस्तात उचलला आणि त्यावर मायक्रोटिकचं राउटरओएस टाकायला घेतलं. दोन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, सगळं दणकट. आणि इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच नाही! का? तर डिस्क रेड कार्डामागे दडलेली, कार्डाचा ड्रायव्हर राउटरओएसमध्ये नाही आणि बाहेरून टाकायची सोयही नाही. त्यात जुनी ६ आवृत्ती असेल तर ३२पैकी फक्त २ जीबी रॅम वापरणार.

माझं मत विचाराल तर रात्रभर बायोसशी झटापट करू नका. आधी प्रॉक्समॉक्स टाका आणि त्याच्या आत सीएचआर, म्हणजे मायक्रोटिकचीच व्हर्च्युअल मशीनसाठीची आवृत्ती, चालवा. हार्डवेअरशी भांडायचं काम लिनक्सवर सोपवा, त्याच्याकडे ड्रायव्हर भरपूर आहेत. फक्त फुकट लायसन्सवर प्रत्येक इंटरफेसमधून बाहेर जाणारा वेग १ एमबीपीएसच मिळतो, तेव्हा लायसन्सचे पैसे आधीच धरा.

आणि हो, मे महिन्यातल्या यवतमाळी उन्हात मदरबोर्ड गेला, तर नागपूरहून दुसरा येईस्तोवर सगळे ग्राहक ऑफलाइन. म्हणून एक छोटा राउटर कॉन्फिगर करून कपाटात ठेवाच. त्याची किंमत धरूनही सर्व्हर स्वस्त पडत असेल, तरच घ्या. बघा, पटतंय का!