पसंती मूर्तीला की चित्रफितीला?
हौशी संगीत-चित्रफितींच्या गुणांकनात न्याय कसा होणार?

मुंबई, प्रतिनिधी

गणेशोत्सव तोंडावर आला की परळ-लालबागच्या मूर्तिशाळांतून मोठ्या मंडळांच्या मूर्ती बाहेर पडू लागतात. शनिवार-रविवारी आगमन सोहळ्यांना गर्दी लोटते, ढोल-ताशांनी रस्ते दणाणतात आणि मूर्तीवरचा पडदा दूर होताच शेकडो हात मोबाईल घेऊन उंचावतात. त्यानंतरचे काम घरी चालते. दहा बाय बाराच्या खोलीत, घरची मंडळी झोपल्यावर एखादा तरुण ही दृश्ये कापतो, जुळवतो, एखाद्या लोकप्रिय गाण्याच्या ठेक्यावर बसवतो आणि सकाळपर्यंत तीन मिनिटांची चित्रफीत इंटरनेटवर चढवतो.

या चित्रफितीतील मूर्ती मूर्तिकाराची असते, गाणे संगीतकाराचे, वादन पथकाचे आणि उत्सव मंडळाचा. चाहत्याचा वाटा असतो तो नजरेचा आणि जुळणीचा. बहुतेकांना त्याचे पैसे मिळत नाहीत. मिळते ते एकच मोल, ते म्हणजे पाहणाऱ्याचे मत. हे मत जर त्याच्या कामाविषयी नसेल, तर त्याच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही. आजच्या अनेक हौशी मुलांसाठी संकलन आणि छायाचित्रण यांची पहिली शाळा हीच आहे. या शाळेत गुण चुकीचे दिले गेले, तर विद्यार्थी चुकीचेच शिकणार.

मत नेमके कशाला?

चिंचपोकळीचा चिंतामणी (स्थापना १९२०), गणेशगल्लीचा मुंबईचा राजा (१९२८), लालबागचा राजा (१९३४) या मंडळांच्या नावांना दशकांची पुण्याई आहे. त्यांच्यापैकी एखाद्याचे दर्शन घडविणारी चित्रफीत कशीही असली तरी तिला पसंती मिळते, कारण भाविक हात जोडतो तो मूर्तीला. उलट गिरगावातील एखाद्या लहान वाडीच्या गणपतीवर मेहनतीने केलेली चित्रफीत मूठभर घरांपलीकडे जात नाही. नाव मोठे असले की पसंती मोठी, हा हिशेब श्रद्धेच्या जागी योग्यच आहे. पण तो संकलनाचा दर्जा म्हणून वाचला, की घोटाळा सुरू होतो.

दुसरा घोटाळा गाण्याचा. २०१२ मधील 'अग्निपथ' चित्रपटातील अजय-अतुल यांचे गणपतीचे गाणे किंवा २०१६ च्या 'सैराट'मधील 'झिंगाट' यांसारखी गाणी मुळातच अंगात भिनणारी आहेत. ती पार्श्वभूमीला असली की साधी दृश्येही उचलली जातात. प्रेक्षकाला आनंद होतो, आणि तो आनंद कोणामुळे झाला याची वाटणी करण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

तिसरा घोटाळा आपलेपणाचा. आपल्या गल्लीतल्या मुलाने केले म्हणून डोळे मिटून पूर्ण गुण, आणि शेजारच्या मंडळाच्या मुलाने केले म्हणून हात आखडता. यात वाईट हेतू असतोच असे नाही. पण गुण देणारा पाहुणचार करतो आहे की परीक्षण, हे त्याचे त्यालाच उमगलेले नसते.

ताऱ्यांपासून अंगठ्यापर्यंत

ही अडचण लालबाग-परळपुरती नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबवर सुरुवातीची काही वर्षे पाच ताऱ्यांची पद्धत होती. बहुतेक सारे गुणांकन पाच ताऱ्यांचेच असते, असे कंपनीनेच सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. ज्याला चित्रफीत आवडे तो पाच तारे देऊन मोकळा होई, ज्याला मुळीच पसंत नसे तो एक तारा देई, आणि मधले तारे नुसतेच शोभेला उरले. २०१० मध्ये तारे गेले आणि पसंती-नापसंतीचे अंगठे आले.

अंगठ्यांनीही प्रश्न सुटला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये 'सडक २' या चित्रपटाच्या झलकीवर काही दिवसांतच एक कोटीहून अधिक नापसंती नोंदल्या गेल्या. चित्रपट तोवर प्रदर्शितही झाला नव्हता. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर हिंदी चित्रपटसृष्टीतील घराणेशाहीविरुद्ध उसळलेला तो संताप होता. झलकीतील चित्रणाशी किंवा संगीताशी त्याचा संबंध नव्हता. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा सर्वसामान्य प्रेक्षकांपासून लपविला. लहान आणि नवोदित निर्मात्यांना संघटितपणे लक्ष्य केले जाते, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. म्हणजे ज्याच्या हाती कोणतीही यंत्रणा नाही त्या हौशी मुलालाच आकड्यांच्या झुंडशाहीचा फटका अधिक बसतो. मात्र नापसंती झाकली गेल्याने दुसरी बाजूही लंगडी झाली. आता प्रेक्षकाला दिसते ती केवळ वाहवा.

स्पर्धांची परंपरा काय सांगते?

हौशी कलेला गुण कसे द्यावेत, याचा अनुभव या परिसराला नवा नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहाने (१९२२) गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांची हौशी नाटके पाहिली. गिरगावच्या साहित्य संघात, दादरच्या शिवाजी मंदिरात एकांकिका रंगल्या. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावरच्या माणसाला रंगमंचावर आणले. भजन स्पर्धांत तर वाड्या-चाळींची मंडळे अहमहमिकेने उतरत.

या स्पर्धांतही रुसवेफुगवे होते, परीक्षकांवर पक्षपाताचे आरोप होत. तरीही तेथे काही गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना यांचे गुण वेगवेगळे दिले जात. त्यामुळे संहिता गाजलेली आहे म्हणून दिग्दर्शकाचे पारितोषिक आपोआप ठरत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षकांची पसंती आणि परीक्षकांचा निर्णय यांची गल्लत टाळण्याचा प्रयत्न. चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' एकांकिका स्पर्धेत प्रेक्षकांच्या पसंतीला स्वतंत्र स्थान मिळाले, ते याच जाणिवेतून. टाळ्या किती पडल्या हेही मोल आहे आणि काम कसे झाले हेही. मात्र दोन्ही एकाच तागडीत घातली की दोहोंवर अन्याय होतो.

चित्रफितींच्या बाबतीत हाच धडा गिरवता येईल. मूर्तीची भव्यता आणि गाण्याची गोडी बाजूला ठेवून चाहत्याच्या वाट्याचे काय, ते पाहावे लागेल. दृश्यांची निवड कशी आहे? ताशाच्या ठेक्यावर कट पडतो की ठेका एकीकडे आणि चित्र दुसरीकडे? गर्दीत धक्के खात घेतलेले दृश्य हलले, तर तो नाइलाज आहे की निष्काळजीपणा? गाण्याच्या शब्दांशी चित्राचे काही नाते जुळते का? दुसऱ्याने टिपलेली दृश्ये वापरली असतील तर त्याचे नाव दिले आहे का? या प्रश्नांची उत्तरे देता येतात, तपासता येतात आणि त्यांवर वादही घालता येतो. 'एकच नंबर' किंवा 'बकवास' या शेऱ्यांवर वाद घालता येत नाही आणि त्यांतून कोणी काही शिकतही नाही.

साधनांचा विचारही अपरिहार्य आहे. ड्रोन आणि भारी कॅमेरे घेऊन काम करणारा गट आणि वडिलांच्या जुन्या मोबाईलवर चित्रण करणारा दहावीचा मुलगा यांना एकाच फूटपट्टीने मोजणे म्हणजे न्याय नव्हे. तथापि साधने अपुरी म्हणून सारे काही माफ, हीदेखील दयाच झाली. चित्र धूसर असणे ही मोबाईलची मर्यादा. तेच धूसर दृश्य चार वेळा दाखविणे हा मात्र संकलकाचा निर्णय आहे आणि त्याचे गुण कापले गेलेच पाहिजेत.

बेरीज सरळ, निकाल वाकडा

मते प्रामाणिक असली तरी ती मोजण्याच्या पद्धतीत अन्याय दडलेला असू शकतो. समजा, एका चित्रफितीला दोघांनीच मत दिले आणि दोघांनीही पाचपैकी पाच तारे दिले. दुसरीला चाळीस जणांनी मिळून सरासरी ४.४ तारे दिले. सरळ सरासरी काढली तर पहिली वरचढ ठरते. वस्तुतः ती दोन मते घरातल्याच दोघांची असू शकतात. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी भारित सरासरी काढतात. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावरही सरळ सरासरीऐवजी भारित गुणांकन केले जाते. त्याचे साधे रूप असे: सर्व चित्रफितींची एकूण सरासरी ३.५ आहे असे धरले आणि प्रत्येकीच्या खात्यात त्या दर्जाची दहा काल्पनिक मते आधीच जमा केली, तर दोन मतांची चित्रफीत ३.७५ वर येते आणि चाळीस मतांची ४.२२ वर राहते. मते वाढत गेली की काल्पनिक मतांचा प्रभाव आपोआप ओसरतो. थोड्या मतांवर मोठा निष्कर्ष काढू नये, हे शहाणपण त्या गणितात आहे.

मंडळे आणि महाविद्यालये हल्ली चित्रफितींच्या स्पर्धा घेतात, तेथे दुसराच पेच पडतो. एक परीक्षक तीन चित्रफितींना अनुक्रमे ८०, ६० आणि ४० गुण देतो. दुसऱ्याचे मत नेमके उलट आहे. पण त्याचा हात सांभाळून चालतो, म्हणून तो ६६, ६८ आणि ७० देतो. बेरीज होते १४६, १२८ आणि ११०. पहिल्या परीक्षकाचा क्रम जसाच्या तसा निकाल म्हणून लागतो आणि दुसऱ्याचे मत कागदावरच राहते. गुणांऐवजी क्रमांक मोजले असते, तर तिघांची बरोबरी झाली असती आणि परीक्षकांना समोरासमोर बसून बोलावे लागले असते. ज्याच्या गुणांतील तफावत मोठी त्याचेच मत भारी ठरावे, असे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते. तरी ते घडते.

हक्काचा गुंता

या चित्रफितींच्या मुळाशी कायद्याचाही प्रश्न आहे. दुसऱ्याचे गाणे आपल्या दृश्यांना जोडण्यासाठी हक्कधारकाची अनुमती लागते. ध्वनीची ओळख पटविणारी 'कंटेंट आयडी' यंत्रणा यूट्यूबने २००७ मध्ये आणली. तिच्यामुळे हक्कधारक कंपनीला अशी चित्रफीत रोखता येते किंवा तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळविता येते. रात्र जागवून केलेले काम सकाळी मूक झालेले आढळते, ते यामुळे. चाहत्याला हा अन्याय वाटतो. संगीतकाराच्या बाजूने पाहिले तर तो त्याच्या कष्टाचा हक्क आहे.

समीक्षकाचे स्थान मात्र वेगळे आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी मूळ कृतीचा उचित वापर करण्याची मुभा आहे. ही मुभा जबाबदारीही आणते. चित्रफीत रोखली गेली म्हणून तिचा कलात्मक दर्जा घसरत नाही आणि ती कलात्मक आहे म्हणून परवानगीचा प्रश्न मिटत नाही. हे दोन निवाडे वेगळे ठेवण्याइतका संयम परीक्षण करणाऱ्याकडे हवा. पथकाचे स्वतःच टिपलेले वादन वापरून कोणी चित्रफीत केली, तर त्या कल्पकतेची दखलही घेतली गेली पाहिजे.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये वस्तू आणि सेवांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. ते ऐच्छिक आहे आणि हौशी चित्रफितींना लागूही नाही. पण प्रामाणिकपणा, अचूकता आणि पारदर्शकता ही त्यातील तत्त्वे येथेही उपयोगी पडणारी आहेत. मत देणारा त्याच मंडळाचा कार्यकर्ता असेल, तर त्याने तसे सांगून मत द्यावे. एवढ्यानेही ऐकणाऱ्याला त्या मताचे वजन ठरविता येते.

खोट्या स्तुतीची किंमत

कठोर शेऱ्याने मूल दुखावते, हे सर्वांना दिसते. खोट्या स्तुतीचे नुकसान उशिरा कळते. मंडळाच्या नावावर हजारो पसंती मिळविणारा तरुण उद्या एखाद्या संकलन कक्षात नोकरीसाठी जातो, तेव्हा तेथे मूर्तीची पुण्याई सोबत येत नाही. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे त्याला तेथे प्रथमच कळणार असेल, तर त्याचा दोष 'एकच नंबर' म्हणून पुढे सरकलेल्या प्रत्येकाकडे थोडाथोडा जातो. तिकडे लहान वाडीतला, खरोखर हात असलेला मुलगा आकडा पाहून हिरमुसतो आणि पुढल्या वर्षी मोबाईल खिशातून बाहेर काढत नाही. हे नुकसान तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर फार मोठी योजना लागत नाही. चित्रफीत एकदा भाविक म्हणून पाहावी, दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावी. गाण्याचा आधार निघाल्यावर चित्र किती उभे राहते, ते तेव्हा समजते. मग काय साधले आणि काय निसटले, हे एकेका ओळीत, कोणत्या क्षणाला ते घडले त्यासह सांगावे. मंडळांनाही हे करता येईल. उत्सव आटोपल्यावर एखाद्या संध्याकाळी वाडीतल्या मुलांच्या चित्रफिती दाखवाव्यात आणि जाणत्या संकलकाला त्यांच्यासमोर बोलते करावे. वर्गणीतून रोषणाईवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

दामोदरच्या रंगमंचावर चुकलेल्या नटाला नाटक संपल्यावर बाजूला घेऊन चूक समजावणारा कोणीतरी जाणता असे. मोबाईल घेऊन गर्दीत उभ्या असलेल्या आजच्या मुलाला प्रेक्षक हवे तेवढे मिळाले आहेत. उणीव आहे ती त्या जाणत्या माणसाची.