घाई कुणाला आहे?

"रोटरी हेच खरं पॉलिशिंग मशीन, ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे खेळणं," असं गॅरेजवाले छातीठोकपणे सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती गरगरतं. एका जागी जरा रेंगाळलं की रंग तापतो. वरचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ! तो घासून गेला की पुन्हा रंगकामच. ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता छोटे फेरेही घेतं, त्यामुळे उष्णता विभागते. वेळ जास्त लागतो, कबूल. खोल ओरखड्यांसाठी कसलेल्या हातात रोटरी जरूर द्या. पण शेवटचा हात ड्युअल अ‍ॅक्शनचाच हवा, नाहीतर उन्हात रोटरीच्या गोल रेषा चमकतात. भाच्याला मी बजावलंय, वाचलेला वेळ गॅरेजवाल्याचा, गेलेला रंग आपला. बघा पटतंय का!